‘प्रोबावेरेत’ लिहिलेलं हंगेरीचं १९८० चं नाणं: हे खरंच ट्रायल असतं का?

विदर्भी_पोऱ्या

नमस्कार मंडळी, मी आजवर आपलीच नाणी जमवत आलोय, ब्रिटिश इंडिया आणि नंतरची स्मारक नाणी वगैरे, परदेशी नाण्यातलं मला फार कळत नाही म्हणून इथे विचारतो. एका डीलरकडे पूर्व युरोपचा एक लॉट बघितला, त्यातली दोन नाणी डोक्यातून जातच नाहीयेत. पहिलं हंगेरीचं १०० फोरिंट, १९८०, रशिया आणि हंगेरीने मिळून माणूस अंतराळात पाठवला त्याचं. दुसरं पोलंडचं २० झ्लॉटी, १९७८, तोच प्रकार, हेल्मेट घातलेला अंतराळवीर. दोन्ही नाण्यांवर बारीक अक्षरात एक जास्तीचा शब्द आहे, हंगेरीच्या नाण्यावर प्रोबावेरेत आणि पोलंडच्या नाण्यावर प्रूबा. डीलर म्हणतो की ही ‘मैत्रीची ट्रायल नाणी’, सरकारने मंजुरीआधी नमुना म्हणून पाडलेली, मोजकीच टांकसाळीबाहेर आली, आणि त्यामुळे साध्या नाण्याच्या वीसपट भाव सांगतोय. मला कळत नाही की ट्रायल म्हणजे जर टांकसाळीतलं चाचणीचं नाणं, तर त्यावर ‘ट्रायल’ असं छापून कोण ठेवेल? आणि ठेवलंच तर ते बाजारात एवढं सहज कसं मिळतं? प्रूफ आणि ट्रायल एकच का? घ्यावं की सोडावं?

नाणेबाज_नाशिक

भाऊ, शंका अगदी बरोबर जागी आलीये तुला. दोन गोष्टी वेगळ्या कर म्हणजे गुंता सुटेल.

खरी ट्रायल म्हणजे काय, तर नवीन ठसा तयार झाला की टांकसाळीत आधी थोडी नाणी पाडून बघतात. धातू ठशाच्या खोल भागात नीट भरतोय का, अक्षरं पूर्ण उठतात का, दाब किती लागेल, काठ बरोबर येतोय का. कधी त्याच ठशाने वेगळ्या धातूतही पाडतात. मग त्यातलं एखाददुसरं मंत्रालयात किंवा रिझर्व्ह बँकेसारख्या संस्थेत दाखवायला जातं, बाकी वितळवायचं नाहीतर टांकसाळीच्या कपाटात ठेवायचं. अशा नाण्यावर ‘ट्रायल’ लिहायची बहुतेक वेळा कुणालाच गरज वाटत नाही, कारण ते बाहेर जाणारच नसतं. आणि डिझाइनच नापास झालं असेल तर ते नाणं खरं दुर्मिळ, त्यासाठी लोक जीव टाकतात.

प्रूफचा याच्याशी काही संबंध नाही. प्रूफ म्हणजे पॉलिश केलेल्या ठशाने, पॉलिश केलेल्या चकतीवर, साधारण एकाहून जास्त वेळा दाब देऊन काढलेलं आरशासारखं नाणं. ती क्वालिटी झाली, चाचणी नाही.

आता हंगेरी आणि पोलंड. या दोन देशांनी साम्यवादी काळात एक वेगळीच पद्धत पाडली. स्मारक नाणं निघालं की त्याच्याबरोबर ‘चाचणी’ असा शब्द कोरलेली वेगळी आवृत्तीही काढायची, कमी संख्येत, आणि ती संग्राहकांकडे जायची. म्हणजे नाव ट्रायल पण पाडतानाच माहीत की हे अल्बममध्ये जाणार आहे. पोलंडच्या निकेलच्या प्रूबांची संख्या तर बऱ्याच नाण्यांना ठरावीक, ५०० नग. चाचणीसाठी कोण ५०० पाडतं सांग. खरी तांत्रिक चाचणी म्हणून तांबं-निकेलमध्ये पाडलेल्यांचा आकडा २० च्या आसपास सांगतात, ती वेगळी आणि ती तुझ्या डीलरकडे लॉटमध्ये पडलेली नसणार.

म्हणून डीलरचं ‘मंजुरीआधीचा नमुना’ ही कथा सोड, पण नाणं खोटं आहे असंही लगेच समजू नको. अधिकृत टांकसाळीचंच आहे, कमी संख्येचं आहे. फक्त भाव त्या संख्येचा दे, कथेचा देऊ नको.

पिंपळपान

मला तर ही सगळी ‘मैत्री’ नाणी म्हणजे पोस्टरबाजी वाटते. मोठ्या भावाने छोट्याला रॉकेटमध्ये बसवलं आणि छोट्याने नाणं पाडून पावती दिली. त्यावर प्रूबा लिहा नाहीतर कोंबडा लिहा. त्यापेक्षा त्याच पैशात चांगला शिवराई बघा की राव.

नाणेबाज_नाशिक

पिंपळपान, पावती होतीच, कोण नाही म्हणतंय, पण त्यासाठीच तर ती बघायची! इंटरकॉसमॉस कार्यक्रमाची (सोव्हिएत रॉकेटमधून मित्रदेशांचे अंतराळवीर पाठवायचे तो) नाणी एका रांगेत लावून बघ कधी, एकेका देशाचा स्वभाव दिसतो. १९७८ सालात एकामागोमाग तिघे गेले, मार्चमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा रेमेक, जूनमध्ये पोलंडचा हर्माशेव्स्की सोव्हिएत क्लिमुकबरोबर, ऑगस्टमध्ये पूर्व जर्मनीचा येन सोव्हिएत बिकोव्स्कीबरोबर. पोलंडने २० झ्लॉटी काढलं आणि त्यावर लिहिलं ‘पहिला पोलिश माणूस अंतराळात’. पूर्व जर्मनीने त्याच वर्षी १० मार्क काढलं आणि लिहिलं ‘सोव्हिएत संघ आणि जर्मन लोकशाही प्रजासत्ताक यांचं संयुक्त उड्डाण’. फरक कळला का, एकाला आपला माणूस मोठा करायचाय, दुसऱ्याला करारातली सही दाखवायचीये. प्रसंग तोच, कार्यक्रम तोच, आणि मॉस्कोत दोन्ही चाललं.

आणि सगळ्यात मला आवडतं ते बल्गेरियाचं. एप्रिल १९७९, सोयूझ ३३ यान, सोव्हिएत रुकाविश्निकोव आणि बल्गेरियाचा गेओर्गी इवानोव. अंतराळातल्या स्टेशनजवळ पोचले आणि मुख्य इंजिनच बिघडलं, जोडणी झालीच नाही, दोन दिवसात सरळ खडतर मार्गाने खाली यावं लागलं, जीव वाचला हेच खूप. तरी बल्गेरियाने १० लेव्हांचं चांदीचं नाणं काढलं, त्याच वर्षीचं! स्टेशनवर पाय न ठेवलेल्या उड्डाणाचं नाणं, पण मैत्रीचं नाणं रद्द करायचं म्हणजे ज्या मैत्रीसाठी उड्डाण झालं तिलाच खोट लागली असती. आणि या बिघाडाचा फटका हंगेरीला बसला, त्यांचा फार्काश बेर्तालान खरं तर १९७९ च्या जूनमध्येच जाणार होता, तपासणीमुळे पुढे ढकललं आणि शेवटी २६ मे १९८० ला कुबासोवबरोबर सोयूझ ३६ मधून गेला. म्हणून तुझ्या नाण्यावर १९८० आहे.

काटाछापा

नाशिककरांनी कथा मस्त सांगितली पण पोऱ्याला घ्यायचं की नाही ते कळायला हवं, म्हणून कामाचं सांगतो.

पोलंडचं २० झ्लॉटी साधं असेल तर ते तांबं-निकेल मिश्रणाचं, तांबं जास्त, चुंबकाला चिकटत नाही. प्रूबा शब्द असलेली संग्राहकांची आवृत्ती शुद्ध निकेलची, ती चुंबकाला टकाटक चिकटते. डीलरसमोर खिशातून छोटा चुंबक काढ, चिकटलं नाही तर एकतर कुणीतरी साध्या नाण्यावर शब्द ठोकलाय किंवा नाशिककर म्हणतात ती २० नगांवाली गोष्ट (असा भाग्यवान कुणी आजवर बघितला नाही). हंगेरीच्या नाण्यावर ही युक्ती चालणार नाही, तिथे दोन आवृत्त्यांमध्ये फरक मुख्यतः शब्दाचा.

शब्द ठोकलेला ओळखायचा असेल तर भिंग घे, दहापट पुरे. ठशातूनच आलेला शब्द असला की बाकी अक्षरांसारखाच गुळगुळीत, त्याच्याभोवतीचा भाग सपाट, झळाळी तीच. नंतर पंचने मारला असला की अक्षराच्या कडेने धातू किंचित वर आलेला, कुरतडल्यासारखा, आणि बहुतेक वेळा बरोबर मागच्या बाजूला दबल्याची खूण. कुठल्याही परदेशी लिलावाच्या जुन्या कॅटलॉगमधला फोटो काढ आणि शब्द कुठे बसलाय, चित्रापासून किती अंतरावर, ते बघून जुळव. अंतर एका केसाने जरी वेगळं असेल तरी सोड.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नकोस. निकेल घासलं की ते वेगळंच पांढरट दिसतं, आणि जाणकार माणूस दुरूनच ओळखतो. प्लास्टिकच्या मऊ पाकिटातही ठेवू नको, त्या पीव्हीसीतून हिरवा चिकटपणा येतो आणि तो नंतर जात नाही.

विदर्भी_पोऱ्या

काटाछापा दादा, आज परत गेलो होतो चुंबक घेऊन! पोलंडवालं चिकटलं, अगदी फटकन. डीलर हसत होता म्हणे कुठून शिकून आलास. भिंगाने बघितलं तर शब्दाभोवती सगळं सपाट, मागे काही खूण नाही. हंगेरीचं अजून तिथेच आहे, त्याबद्दल मन होत नाही, कारण डीलरने अजून एक पेटी दाखवली आणि त्यात ‘ट्रायल’ लिहिलेले युरो आहेत, पोलंड आणि हंगेरी दोन्हीचे, २००३ आणि २००४ चे, डब्यात आठच्या आठ. म्हणतो हे पण मैत्रीतलेच, युरोपियन युनियनमध्ये सामील होताना काढलेले. मला वाटलं हे तर जास्त महत्त्वाचे असतील?

काटाछापा

नको रे बाबा नको!! तो डबा तिथेच ठेव. ते एकाही टांकसाळीने सरकारच्या आदेशाने काढलेले नाहीत. २००२ च्या सुमारास युरो रोख स्वरूपात आले आणि मग खासगी कंपन्यांनी जे देश अजून युरोत नव्हते त्यांच्या नावाने असे सेट काढले, ‘प्रोबे’ ‘एसे’ ‘ट्रायल’ काहीतरी लिहायचं म्हणजे बनावट चलन म्हणून कुणी पकडू नये. ब्रिटनचे आहेत, स्वित्झर्लंडचे आहेत, कुणाकुणाचे नाहीत ते विचार. पोलंड आणि हंगेरी २००४ ला युनियनमध्ये आले पण युरो त्यांनी आजही घेतलेला नाही, मग नमुना कशाचा? खेळण्यातल्या पैशापेक्षा थोडं बरं एवढंच. आवडलं तर दहा वर्षाच्या भाच्याला द्यायला घे.

म्हणूनच सांगतो ‘ट्रायल’ या एका शब्दावर विश्वास नाही ठेवायचा. एकीकडे अधिकृत टांकसाळ, दुसरीकडे कुणाचीतरी छापखान्यासारखी मशीन, शब्द मात्र तोच.

श्टुटगार्टकर

थोडं उशिरा आलो चर्चेत. मी इथे दक्षिण जर्मनीत आहे आणि इथल्या नाण्यांच्या बाजारात हंगेरीचे प्रोबावेरेत खूप दिसतात, एका टेबलावर तीन-चार एकाच वेळी, म्हणजे दुर्मिळ आहेत असं छातीठोक म्हणणारा डीलर जरा जपून ऐकावा. पोलंडच्या प्रूबा मात्र पटकन संपतात, कारण पोलिश लोक स्वतःच आपल्या देशातली सगळी परत विकत घेतात. हे पण भावाचं कारण आहे, नाण्याची संख्या किती हे एकटं पुरत नाही, मागे कोण धावतंय ते बघावं लागतं.

मैत्रीची नाणी हवी असतील तर उलट काटकसरीतलं एक सांगतो. २०१३ चं दोन युरो, जर्मनी-फ्रान्स मैत्रीच्या एलिझे कराराची पन्नास वर्षं. २२ जानेवारी १९६३ ला जर्मनीचे आडेनाउअर आणि फ्रान्सचे द गॉल यांनी पॅरिसमध्ये सही केली, दोघांचे चेहरे नाण्यावर आहेत, आणि चित्र जर्मनी आणि फ्रान्स दोघांनी एकच ठेवलं. जर्मनीच्या नाण्यावर टांकसाळीचं अक्षर बघायचं, ए बर्लिन, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरुहे, जे हॅम्बर्ग. तर पाच जर्मन आणि एक फ्रेंच मिळून सहा होतात, सुट्या पैशात मिळतात, मला बेकरीतल्या गल्ल्यातून दोन मिळाले. यांच्यावर ‘ट्रायल’ वगैरे काही लिहिलेलं नाही आणि त्याची गरजही नाही. फ्रान्समध्ये मात्र ‘एसे’ हा प्रकार फार जुना, नवीन नाण्याचे थोडे नमुने मंत्री, मोठे अधिकारी अशांना भेट म्हणून जायचे. तिथे एसे म्हटलं की निदान काहीतरी औपचारिक इतिहास मागे असतो.

डोंबिवलीची_ताई

काय रे मुलांनो, सगळे युरोपातच फिरताय. आपल्याकडचं कुणी सांगेल का? १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून गेले, ३ एप्रिलला, तेव्हा आपल्याकडे ‘भारत-सोव्हिएत’ उड्डाणाचं टपाल तिकीट निघालं, ते माझ्याकडे आहे, पण नाणं मात्र निघालं नाही. हंगेरी पोलंड एवढे छोटे देश काढतात आणि आपण नाही काढलं याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर आपण मैत्रीची नाणी काढायला लागलो पण ती परिषदांची, २०१५ च्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेचं दहा आणि पाचशे रुपयांचं आलं होतं. एवढी मोठी परिषद, नाणं मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नाही.

आणि पोऱ्या, आपल्या टांकसाळी ‘ट्रायल’ विकत नाहीत हे लक्षात ठेव. मुंबईच्या फोर्टमधल्या टांकसाळीकडून किंवा कोलकाता, हैदराबादहून स्मारक नाण्याचे प्रूफ आणि यूएनसी (न वापरलेल्या, कोऱ्या नाण्यांचे) सेट निघतात, ते रीतसर बुकिंग करून मिळतात. नोएडाचं नाणं ठिपक्यावरून ओळखायचं, मुंबईचं हिऱ्याच्या खुणेवरून, हैदराबादचा तारा, कोलकाताला काही नाही. तर बाजारात कुणी ‘भारतीय मैत्री नाण्याची ट्रायल’ म्हणून देऊ लागला की त्याला नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. मागे एका प्रदर्शनात मला असाच एकजण चांदीच्या पत्र्यावर काहीतरी छापून ‘परीक्षण नाणं’ म्हणून दाखवत होता, वजनच नीट नव्हतं आणि काठावर साधे आडवे खाच सुद्धा नाहीत.

पिंपळपान

ताई, २०१५ वालं मला पण नीट आठवत नाही, नाहीतर मैत्री नाण्यांची मी एवढी खिल्ली उडवली नसती 😀 पण मला सांगा, मैत्रीची नाणी दोन्ही देश काढतात असं पण होतं का? की नेहमी छोटाच मोठ्यासाठी?

नाणेबाज_नाशिक

होतं ना, आणि ते जास्त मजेशीर. १९८१ ला बल्गेरियाने आपल्या राज्याची १३०० वर्षं साजरी केली. त्या निमित्ताने हंगेरीने १०० फोरिंटचं बल्गेरियासाठी काढलं, आणि बल्गेरियाने ५ लेव्हांचं हंगेरी-बल्गेरिया मैत्रीचं काढलं. दोघांपैकी कुणीच मोठा भाऊ नाही, दोन शेजारच्या घरांनी एकमेकांना दिवाळीचं ताट पाठवावं तसं. रशियानेही त्याच वर्षी बल्गेरियासाठी एक रुबल काढला, ‘मैत्री सदैव’ असं लिहून. आणि त्या रुबलमध्ये एक सापळा आहे तो सांगून ठेवतो, कारण मित्रमंडळीत दोघांना फसताना बघितलंय. १९८८ मध्ये सोव्हिएतांनी आपल्या १९६५ ते ८५ च्या स्मारक रुबलांची परत नाणी पाडली, संग्राहकांसाठी, तेच चित्र तेच वर्ष. ओळखायचं कसं तर काठावर १९८८ आणि एक रशियन अक्षर ‘एन’ (दिसायला इंग्रजी एच सारखं) लिहिलंय का बघायचं. ते दिसलं तर ती नवी आवृत्ती. दोन्हींचा भाव वेगळा, आणि डीलर काठ कधीच दाखवत नाही, त्याच्या अल्बममध्ये नाणं गोल खिडकीत बसलेलं असतं. काढून बघू द्या म्हणायला लाजू नका.

तुझ्या हंगेरीच्या नाण्याबद्दल, पोऱ्या: साध्या १०० फोरिंटला भाव फार नाही, प्रोबावेरेतला जास्त आहे पण वीसपट नाही. मी तरी इथे तिपटीच्या वर देणार नाही. पोलंडचं चिकटलं असेल आणि शब्द सपाट असेल तर थोडं वर जायला हरकत नाही, कारण ते ५०० नगांतलं, आणि श्टुटगार्टकरांनी सांगितलंय की मागणी कायम असते.

काटाछापा

आणि डीलरला एवढं विचार, लॉट कुठून आला. कुणाच्या जुन्या अल्बममधून आला असेल, कागदी पाकीट असेल, हाताने लिहिलेली नोंद असेल तर ती पण माग, फुकट मिळते आणि नंतर नाण्याइतकीच कामी येते.

विदर्भी_पोऱ्या

विचारलं. म्हणतो एका बंद झालेल्या कलेक्शनमधून, पाकीट आहे पण वेगळं विकायचंय त्याला, चहा पाजला तर देईल म्हणतो. पोलंडवालं घ्यायचं ठरलं, भावही उतरवला, हंगेरीचं सोडलं, त्याला मी तिप्पट म्हटलं तेव्हा त्याने दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे तोंड फिरवलं. युरोचा डबा तिथेच. ताई, त्या २०१५ च्या दहा रुपयांचं यूएनसी कुणाकडे मिळेल का नागपूरकडे? बदली म्हणून माझ्याकडे १९८२ च्या एशियाडची काही जास्तीची आहेत.

डोंबिवलीची_ताई

एशियाडचं कुठल्या दराचं आहे ते आधी सांग, दोन रुपयांचं असेल तर पाठव फोटो, दोन्ही बाजू आणि काठ.